सातबाऱ्यावरचा रिकामा रकाना भरायला हात द्या
पुण्यात राहणाऱ्या अष्टागरकरांना आणि कोकणावर माया असणाऱ्या सर्वांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. नागावच्या आमच्या वाडीचा उतारा मी गेल्या दिवाळीत कोथरूडमध्ये बसून मोबाइलवर काढला. गट नंबर होता, क्षेत्र होतं, काकांची नावं होती. त्या रकान्यात मात्र काहीच नव्हतं. माझी आजी त्या जागेला 'उंडीखालची' म्हणायची. विहिरीच्या कडेला जुनी उंडी होती, तिच्या बियांचं कडू तेल आजी दिव्याला वापरायची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. सुपाऱ्या मधोमध मोडल्या आणि उंडी मुळासकट उपटली गेली. आता आमची पुतणी त्याच जागेला 'रिसॉर्टच्या मागची' म्हणते. तिला बोल कसा लावायचा? दाखवायला झाड उरलं नाही आणि कागदावर तर ते नाव कधी चढलंच नव्हतं.

आमचं मंडळ लहान आहे. किहीम, थळ, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यातून, म्हणजे अलिबागजवळच्या किनाऱ्यावरच्या अष्टागरातून, शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्यात येऊन इथलेच झालेले आम्ही काही लोक महिन्याच्या पहिल्या रविवारी एकत्र जमतो. इतकी वर्षं हळदीकुंकू, विद्यार्थ्यांचे सत्कार आणि कोजागरी एवढंच करत आलो. गेल्या वर्षी एका बैठकीत सहज विषय निघाला की आपापल्या गावातल्या जागांची नावं कोणाला किती आठवतात. पंचाहत्तरीतल्या एका काकूंनी एकट्या चौलच्या पन्नासेक जागा सांगितल्या. पाखाड्या म्हणजे वस्त्या, आळ्या, पोखरणी म्हणजे तळी, खाडीवरचे उतार, खारातले बांध. आमच्यातल्या चाळिशीतल्या कोणालाही दहाच्या पुढे जाता आलं नाही. त्या रविवारी ठरलं की अष्टागराची ही बारीकसारीक नावं गोळा करायची, ध्वनिमुद्रित करायची आणि नकाशावर बसवायची.

मोठ्या नावांची काळजी नाही, ती जगाने जपली. चौलचंच पाहा. कान्हेरीच्या शिलालेखांत ते चेमुल आहे, प्राचीन भूगोलकार टॉलेमीकडे सिमुल्ला, अरब प्रवाशांकडे सैमूर. अल मसूदी दहाव्या शतकात तिथे येऊन गेला. पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितिन उतरला, त्याने चिविल लिहिलं. एका बंदराचं नाव किती जिभांवरून फिरलं! पण त्याच चौलमध्ये पाणी कुठल्या पोखरणीचं गोड, कुठल्या पाखाडीला कोणाच्या नावाने ओळखायचे, हे ना टॉलेमीने लिहिलं ना निकितिनने. ते आपल्याच घरातल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे, आणि ती माणसं एकेक करून जात आहेत.

या नावांत काय काय दडलंय ते थोडं सांगते. 'खार' आलं की समजायचं, ही जमीन कधीतरी भरतीच्या पाण्याखाली होती आणि कोणीतरी बांध घालून ती भातासाठी सोडवली. बांधातून पाणी सोडायच्या दाराला उघाडी म्हणतात, तिच्याजवळच्या शेताला उघाडीवरूनच नाव पडतं. बांध फुटून पन्नास वर्षं झाली, तिथे आता कांदळवन आहे, तरी म्हातारी माणसं त्या जागेला शेताच्याच नावाने हाक मारतात. म्हणजे पाणी कुठवर आलं आणि माणूस कुठवर मागे सरला, याचा हिशोब त्या नावात आहे. समुद्राच्या बाजूला तर आणखीच वेगळं. कोळी बांधवांची खडपांना, म्हणजे समुद्रातल्या खडकांना, खाडीच्या तोंडातल्या पाण्याला, डोल जाळं बांधायच्या जागांना स्वतःची नावं आहेत. किनाऱ्यावरचं देऊळ आणि मागचा डोंगर एका रेषेत आले की अमुक जागा आली, हे ते होडीतून नुसत्या नजरेने ओळखतात. आता जीपीएस आलं. होडी चालवणारा तांडेल जागा आकड्यांनी लक्षात ठेवतो, नाव मागे पडतं. ही नावं आम्हाला त्यांच्या तोंडून, त्यांच्याच उच्चारात हवी आहेत.

गाव सोडून गेलेल्यांनी नाव आडनावात नेलं, तीही एक गोष्ट आहे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू कुटुंबं या किनाऱ्यावर शतकानुशतकं तेल गाळत, शेती करत राहिली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची आडनावं म्हणजे अष्टागराचा आणि आसपासच्या गावांचा नकाशाच: किहीमकर, थळकर, नागावकर, चेऊलकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर. त्यातली कितीतरी घरं १९४८ नंतर इस्राएलला गेली. पण पुण्यात रास्ता पेठेत त्यांचं सिनेगॉग आजही उभं आहे, आणि त्या वस्तीतल्या ज्येष्ठांशी बोलायची आमची फार इच्छा आहे. आपल्या वाचकांत कोणी असाल तर आम्हाला नक्की कळवा.

हे काम पुण्यातूनच का, असं एका सदस्याने विचारलं होतं. भावनेपलीकडेही त्याला कारण आहे. अष्टागर आंग्र्यांचा मुलूख, कुलाबा संस्थान खालसा झालं ते १८४० मध्ये. आंग्रे आणि पेशवे यांच्यातल्या व्यवहाराचे कागद पेशवे दफ्तरात आहेत, आणि ते दफ्तर पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ इथेच, डेक्कन कॉलेज इथेच. मोडी वाचणारी माणसंही महाराष्ट्रात इतरत्र शोधावी लागतील, पुण्यात ती चालत जाण्याच्या अंतरावर भेटतात. शिवाय आपल्या घरोघरी पत्र्याच्या ट्रंकेत खरेदीखतं, वाटणीपत्रं, वहिवाटीचे कागद पडून आहेत. जुने असतील तर बहुतेक मोडीत. त्यात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याची वाडी, पश्चिमेस पुळण, दक्षिणेस अमुक पोखरण. आमच्या दृष्टीने सगळं सोनं त्या चार ओळींत आहे. तीन कुटुंबांनी असे कागद दाखवले आणि एका वाटणीपत्रात आम्हाला अशी नावं सापडली, जी त्या घरातल्या कोणालाच आता ठाऊक नव्हती.

आता मदतीचं.

पैशाचा हिशोब उघड मांडते. मोडी वाचकांचं मानधन ७०,००० रुपये, स्कॅनर आणि दोन ध्वनिमुद्रक ३५,०००, गावोगावचा प्रवास व मुक्काम ४५,०००, आणि शेवटी प्रत्येक गावाचा नावांसह नकाशा छापून तिथल्या ग्रामपंचायतीत, शाळेत, देवळात लावायला ३५,०००. एकूण १,८५,००० रुपये. सदस्यांनी आपसात ६२,००० जमवले आहेत. उरलेल्या १,२३,००० साठी हे आवाहन. शंभर रुपयेही आनंदाने घेऊ, पावती देऊ, आणि दर तीन महिन्यांनी खर्च बैठकीत वाचून दाखवू. मुलाखती देणाऱ्या कोणाकडून एक पैसाही घ्यायचा नाही, हे आधीच ठरलं आहे.

पण खरं सांगायचं तर पैशापेक्षा नाव आणि कागद यांची गरज मोठी आहे. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. तुमच्या समोर, तुमच्या घरी येऊन स्कॅन करू आणि लगेच हातात परत देऊ. जमिनीच्या वादाशी आमचा काही संबंध नाही, कोणाच्या मालकीबद्दल आम्ही एक अक्षर लिहिणार नाही. ही भीती काहींनी बोलून दाखवली, आणि ती रास्त आहे, म्हणून स्पष्ट सांगते.

नाव कळवताना कृपया ते 'शुद्ध' करू नका. आजी ज्या उच्चारात म्हणायची त्याच उच्चारात लिहा. कोणी सांगितलं, जागा नेमकी कुठे, अर्थ ठाऊक असेल तर तो, एवढं पुरे. अर्थ ठाऊक नसेल तर जोडू नका. अलिबागला अली नावाच्या धनिकाच्या बागांवरून नाव पडलं असं सगळे सांगतात, रेवदंड्याला कोणी रेवतीक्षेत्र म्हणतो तर कोणी रेवेचा दांडा. आम्ही दोन्ही लिहून ठेवू, सांगणाऱ्याच्या शब्दांत. काही वस्त्यांची नावं जातीवरून पडलेली आहेत आणि सरकारने २०२० मध्ये अशी नावं बदलायचा निर्णय घेतला. ती नावं नोंदवायची की नाही, कशी नोंदवायची, हे त्या वस्तीतली माणसं सांगतील तसंच होईल. तिथे इतिहासाच्या हौसेपेक्षा त्यांचा मान मोठा.

हात लावायलाही माणसं हवीत. मोडी येणारे, नकाशाचं सॉफ्टवेअर जाणणारे विद्यार्थी, मुलाखती ऐकून टंकलेखन करू शकणाऱ्या गृहिणी आणि निवृत्त मंडळी. घरबसल्या आठवड्याला दोन तास दिले तरी मोठं काम होईल.

पहिली फेरी पावसाळ्याआधी, आक्षी ते रेवदंडा, शनिवार-रविवार. सुरुवात आक्षीच्या गधेगाळापासून, म्हणजे शापवचन कोरलेल्या शिळेपासून, करणार आहोत. त्या मराठी शिलालेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा अभ्यासक वाचतात. तिथून नागावची वाडी, मग चौलच्या पाखाड्या, आणि संध्याकाळी रेवदंड्याच्या कोळीवाड्यात बसायचं. गाडीत चार जागा शिल्लक आहेत. मोडी वाचता येणाऱ्याला पहिली जागा.

येत्या पहिल्या रविवारच्या बैठकीला या, किंवा ओळखीच्या सदस्याकडे नाव आणि निरोप द्या. त्याआधी गावाकडे एक फोन लावा. आत्या असेल, मोठे काका असतील, शेजारची आजी असेल. आपल्या विहिरीला काय म्हणतात, एवढंच विचारा, आणि ते सांगतील ते लगेच लिहून घ्या.

आपली,
चिटणीस, मंडळाच्या वतीने
पुणे