पाण्यात बंद पडलेली स्कूटर

महोदय,

मिरजेहून सांगलीस रोज स्कूटरने नोकरीसाठी ये-जा करणाऱ्या माझ्यासारख्यांना पावसाळ्यात कृष्णेच्या पुराइतकीच धास्ती रस्त्याकडेच्या तुंबलेल्या गटारांची वाटते. गेल्या आठवड्यात विश्रामबागजवळ गुडघाभर पाण्यात गाडी बंद पडली आणि मी सवयीने पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिलो. हीच मोठी चूक होती, हे नंतर मिस्त्रींनी समजावले. एअर फिल्टरमधून इंजिनात पाणी शिरलेले असताना स्टार्टर मारल्यास, पाणी हवेसारखे दाबले जात नसल्यामुळे, कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतो. म्हणून गाडी कोरड्या जागी न्यावी, प्लग काढून पाणी बाहेर पडू द्यावे आणि मगच इंजिन फिरवावे. हल्लीच्या अनेक स्कूटरना किकच नसते, आणि गिअर नसल्याने मोटारसायकलसारखा धक्का देऊनही त्या सुरू होत नाहीत. तेव्हा बॅटरी उतरली की गॅरेजपर्यंत ढकलत जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. माझी अर्ध्या दिवसाची रजा त्यातच गेली, दुरुस्तीचा खर्च वेगळाच. गटारांची सफाई पाऊस सुरू झाल्यावर नव्हे, तर मे महिन्यातच पूर्ण करावी आणि पाण्याखाली न दिसणारे खड्डे त्याआधी बुजवावेत, अशी संबंधितांना विनंती आहे.

— एक स्कूटरस्वार, मिरज