शब्दांची खतावणी

सांगली
१९ नोव्हेंबर

चि. सोनल हिस अनेक आशीर्वाद.

तू सकाळी सहाच्या गाडीनं गेलीस तेव्हा मी जागाच होतो. उठलो नाही, एवढंच. चिवड्याचा डबा ओट्यावर राहिला आणि तुझी निळी वही टीपॉयवर. डब्याचं आई बघेल, मी वहीबद्दल लिहायला बसलोय. संगणकाच्या क्लाससाठी तू पतसंस्थेतली नोकरी सोडतेयस, त्या राजीनाम्याबद्दल एक अक्षर काढणार नाही असं आईला कबूल केलंय.

त्या रात्री तू लॅपटॉप माझ्यापुढं धरून तुझ्या प्रोग्रॅमनं आजीच्या हरिपाठातले शब्द मोजून दाखवत होतीस आणि मी म्हणालो, "शब्द मोजून पोट भरतं का?" तेही दादा-वहिनींसमोर. तुझा चेहरा मला दिसला होता, पण जीभ पुढं धावली.

चार दिवस वहीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी उघडली. वर लिहिलंय 'डिक्शनरी'. मला वाटलं शब्दकोश असेल, शब्दापुढं अर्थ. बघतो तर शब्दापुढं आकडा! अगं, ही तर खतावणी. रोजकीर्दीत नावं येतील तशी लिहायची, मग एकेक नाव उचलून त्याच्या पानावर टाकायचं. पान असेल तर आधीच्या रकमेत भर. नसेल तर नवं पान उघडायचं, शून्य शिल्लक धरायची आणि मग रक्कम मांडायची. तुझी ही ओळ तेच करते ना?

मोजणी[शब्द] = मोजणी.गेट(शब्द, ०) + १

त्यातलं 'गेट' मला कळेना. शेजारचा बी.सी.एस.ला असलेला पोरगा म्हणाला, "काका, नाव सापडलं नाही तर शून्य धर, बोंबलू नकोस, असा त्याचा अर्थ." तो शून्य न सांगता पहिल्यांदाच आलेल्या शब्दात एक मिळवायला गेलं की 'की-एरर' येतो, म्हणजे 'असं नावच नाही' म्हणून प्रोग्रॅम अडतो म्हणे. तुझ्या वहीत लाल शाईनं तीन ठिकाणी 'की-एरर' लिहिलंय, तिसऱ्याला तर कागद फाटलाय. रागाच्या बाबतीत माझ्यावर गेलीयस.

तो असंही म्हणाला की संगणक पहिल्या पानापासून शोधत बसत नाही. नावावरूनच गणित करून जागा काढतो आणि थेट तिथं पोचतो. मला नवल वाटलं नाही. मी हिशेब लिहायचो त्या पेढीच्या पायरीवर शेतकरी दिसला की त्याचा पान नंबर माझ्या तोंडात असायचा.

तुला २००५ चा पूर आठवतो का? दुसरीत होतीस. पेठेतल्या त्या पेढीत पाणी शिरलं, खतावणीचा लगदा झाला. रोजकीर्द माळ्यावर होती म्हणून वाचली, तीही दमट. ती मी घरी आणली आणि तू मांडी घालून एकेक नाव मोठ्यानं वाचायचीस, मी पान काढून टाकायचो. शाळा बंद होती, तुला मजा वाटत होती. हळदीचा वास यायचा त्या पानांना, तू मधेच हुंगायचीस. सव्वा महिना लागला. तुझ्या प्रोग्रॅमच्या सात ओळींना किती वेळ लागतो? पोरानं बटण दाबलं आणि मी चष्मा नीट करेपर्यंत उत्तर पडद्यावर.

पण एक चूक सापडली, ती सांगतो. लेक्चर समजू नकोस. आम्ही एवढीच ओळ घातली होती:

हरि मुखे म्हणा हरि मुखे म्हणा। पुण्याची गणना कोण करी॥

हरि २, मुखे २ आले. म्हणा मात्र १, आणि खाली पुन्हा दंड चिकटलेलं 'म्हणा।' १. तू शब्द तोडतेस ते मोकळ्या जागेवर. चिन्हं खुडायची ओळ वहीत आहे, पण तिच्या यादीत सगळी इंग्रजी चिन्हं, आपला दंड नाहीच. आणि बेरीज कर, दहाच्या दहा शब्द भरतात. ताळा बरोबर, खातं चूक. अशी चूक बेरजेनं कधीच सापडत नाही.

मला कसं ठाऊक? त्या पुराच्या वेळी एकच माणूस रोजकीर्दीत कुठं 'बापू आण्णा', कुठं 'आण्णांचा बापू' होता. मी दोन पानं उघडली. त्यानं आधी घेतलेली उचल एका पानावर राहिली आणि विकलेल्या हळदीची पट्टी दुसऱ्या पानावरून, उचल न कापता, पुरी दिली गेली. ताळा जमला म्हणून मी खूश. दिवाळीला उघडकीस आलं तेव्हा ती रक्कम माझ्या पगारातून वळती झाली. त्या वर्षी तुला फ्रॉक घेतला नाही, त्याचं कारण हे. नावं तू वाचली होतीस म्हणून कधी बोललो नाही. चूक माझीच होती, वाचणाऱ्याची नव्हे.

पोरानं मग दुसरी युक्ती काढली, फक्त अक्षरं-आकडे वेचायची. दंड गेला, पण काना-मात्रा-वेलांट्यांनाही ती युक्ती अक्षर मानत नाही! 'मुखे'चे म आणि ख असे दोन तुकडे, आणि हरिचा झाला हर. आजीला सांगितलं तर म्हणाली, "असू दे, हरिहरात भेद कसला." शेवटी तुझ्याच यादीत दंड आणि दुहेरी दंड वाढवले, मग 'म्हणा' २ झाला. वहीत पेन्सिलनं लिहून ठेवलंय. खोडायचं तर खोड.

आता 'आईनं', 'आईला', 'आईचा' ही तीन वेगळी खाती पडणार, ती एका पानावर कशी आणायची? मला सुचलं नाही. तुझ्या क्लासच्या सरांना विचार.

हे सगळं मला आवडलं, हे कबूल करतो. पण आवडणं वेगळं आणि पहिल्या तारखेला पगार जमा होणं वेगळं. मी अडतीस वर्षं दुसऱ्याच्या गादीवर बसून लिहिलं, फंड नाही, पेन्शन नाही. तुझ्या पतसंस्थेत निदान फंड तरी कापतात. खोलीचं भाडं, क्लासची फी, आणि कमी पडलं तर तू आमच्याकडं मागणार नाहीस, हेही मला माहीत आहे. बघ, लिहायचं नव्हतं. आईला हे पान दाखवणार नाही.

फोन केलास तर आजीशी आधी बोल, ती रोज विचारते.

तुझे
आप्पा

ता. क. वही कुरियरनं पाठवू की दादा रविवारी येतोय त्याच्याकडं देऊ? डबाही त्याच्याबरोबर देता येईल. आणि तुझ्या नोटिशीचा महिना २८ ला संपतो ना? त्या दिवशी शनिवार आहे. मी आपलं कॅलेंडरात सहज पाहिलं.