खाते बंद करा, मेलबॉक्स पुसू नका

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचे ईमेल खाते पुसून टाकायचे, ही पद्धत कार्यालयांत चांगलीच रुजली आहे. लायसन्स मोकळे होते, यादी आटोपशीर राहते, सुरक्षेची काळजीही मिटते. मग चार-सहा महिन्यांनी लेखापरीक्षक एखाद्या खरेदीची मंजुरी मागतात. ती मंजुरी फक्त मेलवर दिलेली असते आणि ‘सर्व्हरवरून काढून द्या’ असा निरोप आयटी विभागात येतो. ते मेल मिळतील की नाही, हे बहुतेक वेळा त्या निरोपाच्या तारखेवर ठरते. म्हणून हे पत्र.

एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल-सर्व्हरवर मेलबॉक्स काढला तरी तो लगेच नष्ट होत नाही. मूळ सेटिंग बदललेली नसेल तर तो डेटाबेसमध्ये ३० दिवस सुटा, म्हणजे कोणत्याही खात्याला न जोडलेला, पडून राहतो. चालू मेलबॉक्समधून कायमची पुसलेली एकेकटी मेल मात्र १४ दिवसच राहते. हे दोन आकडे वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. मायक्रोसॉफ्ट ३६५ या ऑनलाइन सेवेतही वापरकर्ता पुसल्यावर ३० दिवसांची मुदत असते आणि नुसते लायसन्स काढून घेतले तरी हीच मुदत सुरू होते. ‘खाते ठेवले आहे, फक्त लायसन्स काढले’ असे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तिथे एकेकट्या मेलची मुदत १४ वरून जास्तीत जास्त ३० दिवसांपर्यंत वाढवता येते. ही वाढ आधीच करून ठेवावी लागते, नंतर केलेली कामाला येत नाही.

खरे तर पुसायची गरजच नसते. साइन-इन बंद करावे, पासवर्ड बदलावा, चालू सत्रे तोडावीत, नाव ॲड्रेस बुकमधून लपवावे आणि येणाऱ्या मेल त्या जागी आलेल्या माणसाकडे वळवाव्यात. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये असा मेलबॉक्स शेअर्ड (अनेकांनी मिळून वापरायचा) करून घेतला तर ५० जीबीपर्यंत त्याला वेगळे लायसन्स लागत नाही. प्रकरण कोर्टकचेरीचे असेल तर खाते काढण्याआधी त्यावर होल्ड, म्हणजे मजकूर पुसण्यास बंदी, लावावा. मग वापरकर्ता काढला तरी मेलबॉक्स निष्क्रिय स्वरूपात टिकतो. क्रम महत्त्वाचा आहे: आधी होल्ड, मग काढणे.

स्वतःच्या सर्व्हरवर एक्स्चेंज चालवणाऱ्यांची एक चूक फार महागात पडते. ‘डिसेबल-मेलबॉक्स’ आणि ‘रिमूव्ह-मेलबॉक्स’ या दोन आज्ञा सारख्या वाटतात. पहिली मेलबॉक्स सुटा करते आणि डोमेनवरचे (कार्यालयाच्या नेटवर्कवरचे) खाते शाबूत ठेवते. दुसरी मेलबॉक्ससोबत डोमेनचे खातेही उडवते. म्हणजे त्या माणसाचे संगणकावरचे लॉगिन आणि त्या खात्याला फोल्डरांवर दिलेले अधिकारही जातात.

सुटा झालेला मेलबॉक्स यादीत दिसत नाही म्हणून घाबरू नये. डेटाबेस आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनवरच्या खात्यांची नोंदवही) यांच्या नोंदींचा मेळ बसला नसेल तर ‘अपडेट-स्टोअर-मेलबॉक्स-स्टेट’ चालवल्यावर तो दिसू लागतो. पुढे दोन वाटा आहेत. मेलबॉक्स नसलेल्या एखाद्या खात्याला तो ‘कनेक्ट-मेलबॉक्स’ने जोडावा, किंवा ‘न्यू-मेलबॉक्स-रिस्टोअर-रिक्वेस्ट’ने त्यातला मजकूर दुसऱ्याच्या मेलबॉक्समध्ये ओतावा. दुसऱ्या वाटेने जाताना लक्ष्य म्हणून वेगळा फोल्डर द्यावा, नाहीतर दोघांचा पत्रव्यवहार एकमेकांत मिसळतो आणि पुढे कोणती मेल कोणाची हे निवडत बसावे लागते. मूळ आणि लक्ष्य मेलबॉक्स वेगवेगळ्या माणसांचे असल्याने आज्ञा लेगसी डीएन, म्हणजे एक्स्चेंजने खात्याला दिलेले अंतर्गत नाव, जुळत नसल्याची तक्रार करून थांबते. तेव्हा ‘अलाऊ-लेगसी-डीएन-मिसमॅच’ हा पर्याय जोडावा लागतो.

याच लेगसी डीएनचा आणखी एक त्रास आहे. खाते पुसून त्याच नावाने नवे उघडले, पत्ताही तोच ठेवला, तरी आतल्या सहकाऱ्यांनी जुन्या मेलला दिलेले उत्तर परत येते. परत आलेल्या मेलमध्ये ‘आयएमसीईएईएक्स’ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसतो. कारण असे की कार्यालयांतर्गत मेलमध्ये आणि आउटलुकच्या आपोआप पुढे येणाऱ्या नावांत साधा पत्ता नसतो, जुन्या खात्याचा लेगसी डीएन असतो. तो जुना डीएन नव्या खात्याला एक्स ५०० प्रकारचा जादा पत्ता म्हणून दिला की उत्तरे पोहोचू लागतात. परत आलेल्या मेलमधून डीएन उतरवताना अधोरेखा-चिन्हाच्या जागी तिरकी रेघ घालावी आणि ‘+२०’च्या जागी मोकळी जागा.

३० दिवस उलटले की बॅकअपशिवाय गत्यंतर नाही. बॅकअप एक्स्चेंजची ओळख असलेला हवा. चालू डेटाबेसची नुसती फाइल उचलून ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअपमधली डेटाबेस फाइल आणि तिच्या लॉग फाइली (बदलांच्या क्रमवार नोंदी) वेगळ्या डिस्कवर उतरवाव्यात आणि प्रथम ‘ईएसईयूटिल /एमएच’ ही डेटाबेस तपासणारी आज्ञा चालवून स्थिती पाहावी. तिथे ‘डर्टी शटडाऊन’ दिसले की लोकांचे धाबे दणाणते. त्याचा अर्थ फाइल बिघडली असा नाही. काही व्यवहार लॉगमध्ये आहेत, डेटाबेसमध्ये अजून उतरलेले नाहीत, एवढाच. त्याच अहवालात ‘लॉग रिक्वायर्ड’ या ओळीत कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतचे लॉग हवेत ते लिहिलेले असते. एक्स्चेंज २००७ पासून प्रत्येक लॉग १ एमबीचा असतो. तेवढ्या फाइली हजर आहेत का ते पाहावे आणि ‘/आर’ चालवून त्या डेटाबेसमध्ये उतरवाव्यात. इथे लॉग फाइलींच्या नावाचा उपसर्ग मूळ डेटाबेसचा द्यायचा असतो. ई०१ असताना सवयीने ई०० दिला की काम होत नाही आणि दोष मात्र बॅकअपला दिला जातो.

‘/पी’ ही दुरुस्ती अगदी शेवटची. ती न समजणारी डेटाबेसची पाने सरळ टाकून देते आणि त्या पानांवरच्या मेल जातात. लॉग उपलब्ध असताना ‘/पी’ चालवणे हा हातातला पुरावा स्वतः फाडण्याचा प्रकार आहे. चालवावीच लागली तर प्रतीवर चालवावी, मूळ फाइलीवर कधीही नाही.

‘क्लीन शटडाऊन’ मिळाले की डेटाबेस रिकव्हरी डेटाबेस म्हणून, म्हणजे फक्त मजकूर परत मिळवण्यासाठी, माउंट करावा (सर्व्हरवर चालू करावा). त्यात आउटलुकने शिरता येत नाही, फक्त रिस्टोअर-रिक्वेस्टने मजकूर बाहेर काढता येतो. मेलबॉक्स निवडताना नावावर विसंबू नये. एकाच नावाची दोन माणसे मोठ्या कार्यालयात असतातच, म्हणून ‘गेट-मेलबॉक्स-स्टॅटिस्टिक्स’मधून जीयूआयडी (मेलबॉक्सचा एकमेव ओळख-क्रमांक) घ्यावा. आणि हा डेटाबेस ज्या आवृत्तीचा, त्याच आवृत्तीच्या सर्व्हरवर तो माउंट होतो.

या शेवटच्या वाक्यामुळे हे पत्र आज लिहिणे भाग आहे. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा आधार (सपोर्ट) मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. त्यामुळे कित्येक कार्यालये जुने सर्व्हर उतरवत आहेत. स्थलांतरात चालू मेलबॉक्स पुढे जातात. सुटे पडलेले मेलबॉक्स जुन्या डेटाबेसमध्येच राहतात, त्यांची आठवण कोणी ठेवत नाही. आणि जुना सर्व्हर पुसला की कपाटातले बॅकअप माउंट करायला जागाच उरत नाही. सर्व्हर उतरवण्याआधी सुट्या मेलबॉक्सांची यादी काढावी, हवे असतील ते जोडावेत, निर्यात करावेत, मगच सर्व्हर उतरवावा.

आता निर्यातीविषयी, म्हणजे मेलबॉक्सची पीएसटी (आउटलुकची मेल साठवणारी फाइल) काढण्याविषयी. ‘न्यू-मेलबॉक्स-एक्स्पोर्ट-रिक्वेस्ट’ ही आज्ञा एक्स्चेंज २०१० च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून आहे, पण प्रमुख ॲडमिनलाही ती आपसूक मिळत नाही. ‘मेलबॉक्स इम्पोर्ट एक्स्पोर्ट’ ही भूमिका स्वतःला द्यावी लागते आणि शेल (आज्ञा देण्याची खिडकी) बंद करून पुन्हा उघडावे लागते. फाइल ठेवण्याचा मार्ग नेटवर्क शेअरचा असावा लागतो, सी ड्राइव्हचा चालत नाही. त्या शेअरवर लिहिण्याचा अधिकार आज्ञा देणाऱ्याला नव्हे, ‘एक्स्चेंज ट्रस्टेड सबसिस्टम’ या गटाला द्यायचा असतो, कारण फाइल सर्व्हर लिहितो. ‘ॲक्सेस डिनाइड’ने हैराण झालेल्यांनी आधी हे तपासावे. ही आज्ञा मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये मिळत नाही. तिथे पर्व्ह्यूच्या ई-डिस्कव्हरी या शोध-सोयीतून निर्यात करावी लागते.

आर्काइव्ह मेलबॉक्स वेगळा असतो आणि मुख्य मेलबॉक्सच्या निर्यातीत येत नाही. त्यासाठी ‘इज-आर्काइव्ह’ लावून दुसरी निर्यात करावी. जुनी पत्रे नेमकी तिथेच असल्याने ही विसरभोळी चूक सर्वांत वाईट. वापरकर्त्याने पुसलेल्या पण मुदतीत असलेल्या मेल निर्यातीत येतात, ‘एक्स्क्लूड-डम्पस्टर’ लावले तरच वगळल्या जातात. चौकशीच्या कामात ते लावू नये.

बॅड आयटेम लिमिट, म्हणजे किती खराब मेल वगळून पुढे जायचे ती मर्यादा, सुरुवातीला शून्य ठेवावी. अडकले तर अहवाल उघडून कोणत्या फोल्डरमधली कोणती मेल खराब आहे ते पाहावे आणि तेवढीच मर्यादा वाढवावी. ५० च्या वर गेल्यास ‘मोठे नुकसान मान्य आहे’ असा वेगळा पर्याय सर्व्हर लिहून मागतो. तो डोळे मिटून लिहून देणारे खूप आहेत.

पीएसटी फाइलीची मूळ मर्यादा आउटलुक २०१० पासून ५० जीबी आहे, त्याआधीच्या २००३ आणि २००७ मध्ये २० जीबी, आणि अगदी जुन्या स्वरूपात २ जीबी. पण मर्यादेला टेकेपर्यंत फाइल फुगवण्यात शहाणपण नाही. दहा-पंधरा जीबीच्या, वर्षवार फाइली कराव्यात. तारखेच्या अटीत दिवस आधी की महिना आधी हा घोळ होतो: ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे? विभागणी १ जानेवारीला केली तर ०१/०१ दोन्हीकडून एकच वाचले जाते. संपर्क आणि कॅलेंडर यांना तारखेची अट न लावता फोल्डरच्या नावाने वेगळे काढावे.

पीएसटी नेटवर्क शेअरवरून उघडू नये. स्वतःच्या डिस्कवर उतरवून उघडावी, नाहीतर फाइल बिघडण्याची शक्यता असते. तिला दिलेला पासवर्ड हे संरक्षण नव्हे, तो सहज निघतो. फाइल एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवरच ठेवावी.

लिनक्सवर डव्हकॉट हा मेल-सर्व्हर आणि मेलडिर ही साठवणीची रीत वापरणाऱ्यांचे काम सोपे आहे, कारण तिथे एक मेल म्हणजे एक फाइल. पण मेल कधी आली ही तारीख डव्हकॉट त्या फाइलीच्या बदल-वेळेवरून घेतो. साध्या ‘सीपी’ने प्रत काढली की दहा वर्षांच्या मेल आजच आल्यासारख्या दिसतात. ‘आरसिंक -ए’ किंवा ‘टार’ वापरावे. मराठी नावांचे फोल्डर डिस्कवर ‘&’ने सुरू होऊन ‘-’ने संपणाऱ्या रोमन अक्षरांच्या रांगेसारखे दिसतात. आयमॅप या सर्व्हरवरच्या मेल वाचण्याच्या पद्धतीची ती नाव लिहिण्याची रीत आहे, कचरा समजून त्यांना हात लावू नये. दुसऱ्या सर्व्हरवर आयमॅपसिंक या साधनाने मेल नेता येतात, मात्र आयमॅपमधून कॅलेंडर आणि संपर्क जात नाहीत. झिम्ब्रा या मेल-सर्व्हरमध्ये ‘झेडएममेलबॉक्स’च्या टीजीझेड निर्यातीत तेही येतात. मोठ्या मेलबॉक्ससाठी तिथे ‘-टी ०’ देऊन वेळेची मर्यादा काढावी, नाहीतर अर्धवट फाइल हाती येते.

यात सर्वांत दुर्लक्षित राहते ती पडताळणी. ‘कम्प्लीटेड’ हा शब्द सर्व्हरचा आहे, माणसाने अजून काही पाहिलेले नसते. निर्यातीआधी ‘गेट-मेलबॉक्स-फोल्डर-स्टॅटिस्टिक्स’ने प्रत्येक फोल्डरमधल्या नगांची संख्या काढून ठेवावी आणि पीएसटी उघडून तीच संख्या मोजावी. जीबी जुळवत बसू नये, मेलबॉक्स आणि पीएसटीचा आकार सारखा येत नाही. इनबॉक्समध्ये १२,४०० आणि फाइलीत १२,३९७ दिसले तर ते तीन नग कोणते याचे उत्तर अहवालात सापडले पाहिजे. सर्वांत जुनी मेल, सर्वांत नवी मेल, जोडपत्र असलेली एखादी पाठवलेली मेल आणि मराठी विषय असलेली एक मेल, एवढे तरी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे. मग फाइलीचा एसएचए-२५६ हॅश (फाइलीचा डिजिटल ठसा) काढून तारखेसह नोंदवहीत लिहावा, म्हणजे दोन वर्षांनी ‘ही फाइल तीच का’ या प्रश्नाला उत्तर राहते. निर्यात कोणी मागितली, कोणाच्या लेखी परवानगीने झाली आणि फाइल कोणाच्या हाती दिली, हेही त्याच ओळीत लिहावे. मेलबॉक्समध्ये माणसाचा खासगी पत्रव्यवहारही असतो आणि तोंडी सांगण्यावरून तो उघडणे कोणत्याही ॲडमिनने नाकारावे.

मनुष्यबळ विभागांना एवढीच विनंती: नोकरी सोडतानाच्या अर्जात ‘ईमेल खाते पुसले’ असा एकच रकाना असतो, त्याआधी आणखी तीन असावेत. साइन-इन बंद केल्याची तारीख, निर्यात पडताळल्याची तारीख आणि पडताळणाऱ्याची सही. पुसण्याचा चौथा रकाना हे तिन्ही भरल्यावरच उघडावा.

आपला विश्वासू,
एक मेल-सर्व्हर व्यवस्थापक