टोर उघडत नसेल तर आधी घड्याळ बघा

मडगाव

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर मी सांगत गेले आणि तुम्ही "थांब, थांब, कुठे दाबू?" म्हणत गेलात. त्यात मागून आईचं "अगो, वीज चमकतेय, ठेवा तो फोन." असं काही दुरुस्त होणार नाही, म्हणून लिहून पाठवतेय. गणेश चवथीपर्यंत मला वाळपईला यायला जमणार नाही आणि तोवर आईचं टोरवरचं वाचन (टोर म्हणजे आपण कोण आणि काय बघतो ते झाकून इंटरनेट दाखवणारा ब्राउझर) अडायला नको. हा कागद संगणकाशेजारी ठेवा. फक्त शेजारच्या मुलाला "बघ रे जरा" म्हणून बसवू नका. मुलगा गुणी आहे, पण मागच्या खेपेला त्याने भलत्याच ठिकाणाहून टोरच्या नावाचं काहीतरी उतरवून ठेवलं होतं. टोर ब्राउझर घ्यायचा तो टोरप्रोजेक्ट डॉट ऑर्ग इथूनच. नकली टोरमधून माहिती चोरण्याचे प्रकार झालेले आहेत.

आता तुमची तक्रार. ब्राउझर उघडतो, 'कनेक्ट' दाबलं की पट्टी थोडी सरकते आणि तिथेच अडते. आणि तुम्ही सहज म्हणून गेलात की दुसऱ्या ब्राउझरमध्ये बँकेचं पानही 'सुरक्षित नाही' म्हणतंय. ते ऐकलं आणि माझा संशय घड्याळावर गेला.

गडगडायला लागलं की तुम्ही संगणकाची वायर सॉकेटमधून काढता. काढायलाच हवी, आपल्या सत्तरी तालुक्यातला पाऊस काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. पण वायर काढलेली असताना संगणकाचं घड्याळ आतल्या एका छोट्या बॅटरीवर चालतं. मदरबोर्डवर नाण्याएवढी गोल असते, बहुतेक संगणकांत सीआर २०३२ नावाची. आपला डबा जुना, ती संपली असणार. मग वायर परत लावली की तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते आणि कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांकडे कोण बघतं?

टोरला मात्र हे अजिबात चालत नाही. त्याच्या जाळ्यातल्या सर्व्हरांची यादी दर तासाला नव्याने निघते आणि ती काही तासांपुरतीच ग्राह्य असते. तुमचा संगणक मागच्या कुठल्या तरी जानेवारीत बसला असेल तर आजची यादी त्याला अजून सुरूच न झालेली वाटते, आणि तो पुढे जात नाही. बँकेच्या पानाचंही तेच. पान खरं असल्याचं तिथलं डिजिटल प्रमाणपत्र खरं आहे, तुमची तारीख खोटी आहे.

उपाय: कोपऱ्यातल्या घड्याळावर उजवं बटण दाबून 'अ‍ॅडजस्ट डेट अँड टाइम' उघडा, तारीख बघा, 'सिंक नाऊ' दाबा. टाइम झोनमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली ही ओळ हवी. हे नीट बघा बाबा, कारण झोन चुकलेला असेल तर वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळूनही टोर अडू शकेल. मग टोर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. बॅटरी बाजारात सहज मिळेल. वायर काढून, डबा उघडून तुम्हीच बदला. ट्रान्झिस्टर उघडणाऱ्या माणसाला ते अवघड नाही.

हे झालं की अपडेट. उजवीकडच्या तीन आडव्या रेघा, 'हेल्प', 'अबाउट टोर ब्राउझर'. तिथे तो स्वतःच नवी आवृत्ती शोधतो, उतरवतो आणि 'रीस्टार्ट' विचारतो. तुम्ही दर वेळी 'नंतर' म्हणता, हे मला ठाऊक आहे. "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" हे तुमचं तत्त्व विहिरीवरच्या पंपाला लागू असेल, या ब्राउझरला नाही. पंप बिघडला की पाणी थांबतं, तुम्हाला कळतं. जुना टोर पानं उघडतच राहतो, आईला वाटतं आपण झाकलेले आहोत, आणि तोवर त्यातली भोकं जगाला माहीत झालेली असतात. टोर ब्राउझर फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभा आहे. तिथे सुरक्षेची दुरुस्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते आणि काय दुरुस्त केलं ते जाहीर होतं. म्हणजे चोरालाही वाचता येतं.

२०१९ च्या मे महिन्यात तर गंमतच झाली होती. फायरफॉक्सच्या अ‍ॅड-ऑनवर (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमवर) सही करणाऱ्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि टोर ब्राउझरमधलं नोस्क्रिप्ट, म्हणजे पानांतले धोकादायक प्रोग्रॅम अडवणारं अ‍ॅड-ऑन, आपोआप बंद पडलं. पानं चालूच होती. ज्यांनी पुढची दुरुस्ती घेतली त्यांचं नोस्क्रिप्ट परत चालू झालं.

अपडेट अडलंच आणि 'टोर ब्राउझर आधीच चालू आहे' अशा अर्थाचा निरोप आला तर संगणक बंद करून चालू करा, बहुतेकदा तेवढं पुरतं. नाहीच झालं तर नव्याने उतरवून बसवू. पण त्याआधी डेस्कटॉपवरचा टोरचा फोल्डर उडवू नका, आईचे बुकमार्क त्याच्या पोटात आहेत. अँटिव्हायरस ओरडला तर काही पुसू नका, मला फोटो पाठवा.

आई, हा सगळा खटाटोप कशासाठी, ते तुला वेगळं सांगायला नको. मावशीच्या तपासण्या बांबोळीच्या इस्पितळात चालू होत्या तेव्हा तू आजाराचं नाव शोधलंस, आणि त्यानंतर तुझ्या फोनवर पाककृती उघडली तरी शेजारी त्याच आजाराच्या जाहिराती. मावशीच्या नातवाने त्या बघितल्या आणि नको त्या वेळी नको तो प्रश्न विचारला. शिवाय आपल्याकडे इंटरनेट देतो तो केबलवाला, आणि तो तुझ्या भजनी मंडळातल्या काकूंचा भाचा. टोरमध्ये तुझी विनंती तीन ठिकाणांहून फिरून जाते. पहिल्याला तुझा पत्ता कळतो पण तू कुठे चाललीस ते कळत नाही, शेवटच्याला जागा कळते पण तू कोण ते कळत नाही. केबलवाल्याला एवढंच दिसेल की या घरात टोर वापरतात. दिसू दे. आपल्याकडे टोर वापरणं हा गुन्हा नाही. ब्राउझर बंद केला की इतिहास आणि कुकीज (पानांनी संगणकावर ठेवलेल्या खुणा) पुसल्या जातात.

पण टोरमध्ये स्वतःचं नाव घालून कुठे शिरलीस, तर झाकायचं काय उरलं? फेसबुक त्यात नको, आणि बँक तर मुळीच नको. बँकेला वाटेल कुणीतरी जर्मनीतून तुझ्या खात्यात घुसतंय, आणि खातं अडकवून ठेवतील.

बाबा, तुमचा प्रश्न: फुकट कोण देतं? मूळ कल्पना अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात निघाली. २००६ पासून टोर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था ते सांभाळते. पैसा देणग्यांचा आणि अनुदानांचा, त्यात अमेरिकन सरकारचाही. तुमच्या भुवया वर जाणार हे माहीत आहे. पण प्रोग्रॅमचा कोड उघडा आहे आणि सर्व्हर जगभरचे स्वयंसेवक चालवतात, म्हणून मला तो पटतो. भाऊजी सुचवतात त्या व्हीपीएनपेक्षा (आपलं सगळं इंटरनेट एका कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा) नक्कीच पटतो. तिथे सगळा भरवसा एकाच कंपनीवर ठेवायचा, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार तिने ग्राहकांची नावं-पत्ते किमान पाच वर्षं जपून ठेवायचे.

बाकीच्या तक्रारी म्हणजे बिघाड नव्हेत. पान संथ येतं, कारण ते खरंच लांबून येतं. मध्येच डच किंवा जर्मन मजकूर दिसतो, कारण शेवटचा सर्व्हर तिकडे असतो. एखादं पान फारच अडलं तर पत्त्याशेजारच्या चिन्हावर दाबून 'न्यू सर्किट', म्हणजे सर्व्हरांची नवी वाट, घ्या. पहिला सर्व्हर बदलणार नाही, तो मुद्दाम बराच काळ तोच ठेवतात. खिडकी मोठी केल्यावर कडेला रिकाम्या पट्ट्या येतात त्याही मुद्दामच, खिडकीच्या नेमक्या मापावरून माणूस ओळखता येऊ नये म्हणून. आणि अ‍ॅड-ऑन टाकू नका, मराठी टंकलेखनाचंही नाही. त्यानेही तुम्ही चारचौघांत उठून दिसता.

माळ्यावरच्या विंडोज ७ च्या लॅपटॉपवर टोर बसवायचा विचार मात्र सोडा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या १४.० आवृत्तीपासून टोर ब्राउझर विंडोज ७ आणि ८ वर चालत नाही. त्या लॅपटॉपवर आईची कीर्तनं भरून ठेवा आणि इंटरनेटची वायर त्याला लावूच नका. आईला फोनवर हवा असेल तर अँड्रॉइडसाठी टोर ब्राउझर आहे, तो मी चवथीला बसवून देईन.

तारीख काय दिसली ते तेवढं कळवा.

तुमची,
बाय