रात्रपाळीच्या लॅब तंत्रज्ञ ताईंना, सोलापूरहून आभारपत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड सगळं निगेटिव्ह आणि ताप तर उतरत नाही, अशा रुग्णांचं निदान सिक्वेन्सिंगने (नमुन्यातला डीएनए-आरएनए वाचून जंतू ओळखण्याच्या तपासणीने) लागलं की कौतुक यंत्राचं होतं. त्याचा पाया तुमच्या टेबलावर घातलेला असतो, म्हणून हे पत्र.

शक्य तिथे अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधीच तुम्ही रक्त घेता, तेही जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए ट्यूबमध्ये. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमधलं हेपॅरिनही रक्त गोठू देत नाही, पण ते पुढे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडवतं. ट्यूब जोरात न हलवता हलकेच उलटसुलट करता. पेशी फुटल्या की हिमोग्लोबिनही पीसीआर बिघडवतं आणि माणसाचा डीएनए प्लाझ्मात (रक्तातल्या पेशींविरहित द्रवात) मिसळतो. तसेही सिक्वेन्सिंगमध्ये वाचल्या जाणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांत बहुतेक सगळे माणसाचेच असतात, त्या गर्दीत जंतूचे मोजके तुकडे हुडकायचे असतात. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हाही तुम्ही प्लाझ्मा वेळेत वेगळा करून छोट्या-छोट्या ट्यूबमध्ये उणे ८० अंशांवर ठेवता. एकच नमुना वारंवार वितळवला तर आरएनए तुटतो.

बफी कोटही (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा थर) जपून ठेवता, याचे विशेष आभार. स्क्रब टायफस या तापाचा जंतू पेशींच्या आत दडतो, नुसत्या प्लाझ्मात तो हुकतो. त्याहून चांगला नमुना म्हणजे हा जंतू पसरवणारा चिगर माइट हा बारीक किडा चावल्याच्या जागची काळी खपली. ती दुखत नाही, त्यामुळे रुग्ण आपणहून सांगत नाही. पडदा ओढून, विश्वासात घेऊन, काखेत, जांघेत, परकराच्या नाडीखाली तुम्ही ती शोधता. ती दिसली की डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक लगेच सुरू करता येतं, सिक्वेन्सिंगच्या रिपोर्टची वाट पाहायची नसते.

प्रत्येक खेपेला रुग्णांच्या नमुन्यांसोबत निव्वळ शुद्ध पाण्याची एक ट्यूब पाठवता. किटमधल्या रसायनांतही जिवाणूंचा डीएनए असतो. पाण्यात आणि रक्तात तोच जिवाणू सारख्याच प्रमाणात आला, तर तो तापाचं कारण मानता येत नाही. ती ट्यूब नसती तर बऱ्याच रिपोर्टांवर आमचा विश्वास बसला नसता.

वायू कोंडून फुटू नये म्हणून नमुन्यांचा ड्राय आइसचा डबा हवाबंद न करणं, फॉर्मवर ताप सुरू झाल्याची तारीख लिहिणं, हेही तुम्ही कधी चुकवत नाही.

एक विनंती आहे. दोन-तीन आठवड्यांनी बऱ्या झालेल्या रुग्णाला पुन्हा रक्त द्यायला बोलवायचं काम तुम्हीच चालू ठेवा. सापडलेल्या जंतूविरुद्धची अँटिबॉडी चौपट वाढली, तर निदान पक्कं होतं. आणि तुमचा फोन गेला की रुग्ण येतात.

आपले,
तापाच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर, सोलापूर