मिस्त्रीमामा, भिंत आधी वाळवलीत म्हणून

मिस्त्रीमामा,
सा. न. वि. वि.

तुम्ही पत्रबित्र वाचत बसणार नाही, ठाऊक आहे. नातवाकडून वाचून घ्या.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत तुम्हाला पाठच आहे. दीड हात जाड, खाली काळा दगड, वर मातीत रचलेल्या विटा. गुडघाभर उंचीपर्यंत कायम ओल आणि गिलाव्याचे पापुद्रे. २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं, त्यामुळे ओल पुराचीच असं आम्ही धरून बसलो होतो. तुमच्या आधी आलेल्याने दोन मिनिटांत निकाल दिला, भिंतीवरच प्लायवूड ठोकू, वरून लॅमिनेट, ओल दिसणारच नाही. मी ॲडव्हान्सचे पैसे मोजतच होते.

तुम्ही आलात आणि आधी ओळंबा सोडलात. आठ फुटांत भिंत सव्वा इंच पुढे झुकलेली! मग हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावलात आणि चहाही न घेता गेलात. दोन दिवसांनी थेंब होते कागदाच्या आतल्या अंगाला. म्हणजे पाणी भिंतीतून येत होतं, फोडणीच्या वाफेचं नव्हतं. मागच्या बोळात शिरून तुम्हीच शोधलंत, माडीवरच्या न्हाणीघराच्या पाइपाचा सांधा सुटला होता. सासऱ्यांनी हौसेनं केलेला सिमेंटचा गिलावाही तुम्ही साडेतीन फुटांपर्यंत फोडायला लावलात. मातीच्या भिंतीवर सिमेंट बसलं की आतलं पाणी बाहेर पडत नाही, वर चढत राहतं, हे तेव्हा कळलं.

आणि मग, "वाळू द्या. ओल्या अंगावर कोण कापडं घालतंय व्हय?"

सव्वा महिना सोप्यात शेगडी मांडून स्वयंपाक केला मी. मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोलले, ते इथं लिहीत नाही.

खालचा भाग परत चुन्यानं करून घेतलात आणि मगच भिंतीपुढं बोर्ड बसवायला लोखंडी चॅनेलची चौकट उभी केलीत. ती भिंतीला चिकटवली नाही, मध्ये बोटभर फट सोडली. खाली फरशीला, वर तुळईला पक्की केली आणि भिंतीला नुसत्या चार क्लिपा, त्याही दगडात. "विटंला ड्रिल लावलं तर पीठच निघंल." उभे चॅनेल दोन-दोन फुटांवर, म्हणजे चार फुटी बोर्डाचा सांधा बरोबर चॅनेलवर येतो. बोर्डही सिमेंटचा, जिप्समचा नाही. वरची कपाटं लागणार तिथं आत जाड प्लायची पट्टी. बंद करायच्या आधी टेप धरून मला फोटो काढायला लावलात. तेव्हा कंटाळा आला होता. परवा चिमणीवाला ड्रिल घेऊन आला, तेव्हा तोच फोटो त्याच्यापुढं धरला.

मजुरीवरून मी घासाघीस केली, त्याचं आता वाईट वाटतं. खालच्या खणात दर पावसाळ्यात कांदा-लसूण चटणीच्या बरणीला बुरशी यायची. यंदा श्रावण संपत आला, तरी कागदाची घडीसुद्धा सादळलेली नाही.

एक बरणी तुमच्यासाठी काढून ठेवलीय. न्यायला याल तेव्हा ओळंबा आणा, माडीवरच्या न्हाणीघराची भिंत दाखवायची आहे.

तुमची,
शुक्रवार पेठेतल्या वहिनी