म्युझिक व्हिडिओ १९८१ चा नव्हे

संपादक महाशय,

म्युझिक व्हिडिओवरचा लेख हटकून १ ऑगस्ट १९८१ पासून सुरू होतो. त्या दिवशी अमेरिकेत एमटीव्ही ही गाण्यांची दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली हे खरे, पण नाणे टाकून गाणे ‘बघण्याचा’ धंदा त्याच्या कितीतरी आधी जोरात चालून बसलाही होता.

१९४० साली शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीचे ‘पॅनोरम’ हे यंत्र आले. उभे कपाट, आत १६ मिमी फिल्मचा प्रोजेक्टर, वर छोटा पडदा. दहा सेंटला साधारण तीन मिनिटांचे एक गाणे. एका रिळावर आठ गाणी ओळीने जोडलेली असत, त्यामुळे निवडीची सोय नाही. पुढे जे असेल ते बघायचे. कपाटात जागा कमी म्हणून चित्र आरशांवरून फिरवून पडद्याच्या मागून टाकत आणि त्यासाठी प्रिंट मुद्दाम उलटी काढत. या गाण्यांच्या फिल्मना ‘साउंडीज’ म्हणत; त्यांत आज सगळेच गिटारवादक डावखुरे दिसले, तर प्रिंट सुलटी न करताच चढवली आहे असे समजावे. १९६० मध्ये फ्रान्समध्ये ‘स्कोपिटोन’ हे असेच यंत्र आले. ते रंगीत होते आणि ३६ गाण्यांतले हवे ते लावता येई.

‘एमटीव्ही शैली’ म्हणून जी ओळखली जाते ती कामाची पद्धत साउंडीजमध्येही होतीच: गाणे आधी ध्वनिमुद्रित, चित्रीकरण नंतर, नुसते ओठ हलवून. सेटवरचा आवाज शेवटी फेकूनच द्यायचा असल्याने मायक्रोफोन लपवायची चिंता नाही. एका ओळीत गायक छतावर, पुढच्या ओळीत वाळवंटात. गाणे सलग वाजते आहे तोवर कोणी हरकत घेत नाही.

सगळे संथ आणि ओठ मात्र बिनचूक, ही करामतही संगणकाची नाही. व्हिडिओ सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा, असेल तर कॅमेरा ४८ वर ठेवायचा, सेटवर गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे आणि गायकाने त्या वेगाने ओठ हलवायचे. मग ते चित्रण २४ ने चालवले की केस आणि पाऊस संथ होतात, ओठ मूळ चालीवर येतात. दुप्पट वेगाला जीभ अडखळते, म्हणून ३६ फ्रेम आणि दीडपट वेग हा बरा मार्ग. चूक पकडायची असेल तर प, ब, म या अक्षरांकडे बघावे. घाईत ओठ पुरते मिटत नाहीत आणि नेमके तेच संथ होऊन डोळ्यांत भरते.

ओठ चुकण्याची आणखी दोन कारणे आहेत. त्यांची गल्लत झाली की दुरुस्ती फसते. ब्लूटूथ स्पीकरवर गाणे वाजवले तर आवाज उशिरा येतो, पण तो उशीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास तेवढाच असतो. चित्र काही फ्रेम सरकवले की काम भागते. कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेमवर आणि संकलनाच्या सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन (जिच्यावर तुकडे ओळीने मांडतात) २३.९७६ वर असेल, तर मात्र सुरुवात चोख जुळते आणि चार मिनिटांच्या गाण्याच्या अखेरीस पाव सेकंदाचा, म्हणजे सुमारे सहा फ्रेमचा फरक पडलेला असतो. इथे कितीही सरकवा, एक टोक जुळवले की दुसरे सुटते. चित्रणाचा वेगच ०.१ टक्क्याने दुरुस्त करावा लागतो.

राहता राहिली ठोक्यावरच्या कटांची, म्हणजे तालाच्या ठोक्याला दृश्य बदलण्याची गोष्ट. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात २४ च्या हिशेबाने ठोका बरोबर १२ फ्रेमचा पडतो. १०० ठोक्यांना तो १४.४ होतो, प्रत्येक कट १४ वर मारत गेले की दहाव्या ठोक्याला चार फ्रेमची चूक साचते. म्हणून मोजत बसू नये, पडद्यावर दिसणाऱ्या आवाजाच्या लहरीच्या आलेखावर खुणा करून कापावे, तेही फ्रेमभर आधी. आणि प्रत्येक ठोक्यावर तर मुळीच कापू नये. पुढचा कट कधी येणार हे बघणाऱ्याला अर्ध्या मिनिटात कळते, मग तो चित्र बघायचे सोडून ठोके मोजायला लागतो.

आपला,
एक संकलक